पाण्याची पाळी

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी माझी पाळी.
कालव्याचं लोखंडी दार उचलतो,
आणि सॅनपीटच्या डोंगरावर अजून उरलेलं बर्फ
पाणी होऊन माझ्या अल्फाल्फात शिरतं.
बूट भरतात.
टेकडीवर त्यांचं मंदिर रात्रभर उजळलेलं,
दारं धरायला मला कंदील लागत नाही.

आर्विला म्हणायची, देव बोलायचा थांबलेला नाही.
मी म्हणायचो, त्याचं बोलून झालंय,
शेवटचं पान मिटलंय,
खाली ताकीदही दिलीय की कुणी भर घालू नये.
"ती ताकीद त्या पानांपुरती, टर्नबुल,"
असं म्हणून ती आपलं निळं पुस्तक
ओट्यावरच उघडायची, पिठाच्या बोटांनी.

मातीत पुरलेले सोन्याचे पत्रे,
ते एका शेतकऱ्याच्या पोराला सापडावेत!
मला कधी पटलं नाही.
"आणि मेलेला माणूस तिसऱ्या दिवशी उठला, ते पटलं?"
एवढंच विचारून तिनं पाव भट्टीत सरकवला.

माझा देव तीन, पण एकच, आणि त्याला देह नाही.
हे मी तिला चाळीस वर्षं समजावलं,
मधूनमधून स्वतःलाही.
तिच्या देवाला हाडं होती, मांस होतं,
गुडघेही असणार, ती म्हणे,
लेकराला मांडीवर घ्यायचं तर गुडघे नकोत?

आमच्या छपरावर क्रूस, त्यांच्या छपरावर नुसता सुळका.
आमच्यात द्राक्षांचा रस, तोही तीन महिन्यांनी,
त्यांच्यात दर रविवारी नळाचं पाणी
इवल्याशा पेल्यांत.
माझं कॉफीचं भांडं ती घासून लख्ख करायची,
वास मात्र श्वास रोखून.

जेनीलचं लग्न मंदिरात लागलं.
मला आत जायची परवानगी नव्हती.
टाय लावून बाहेरच्या बाकावर बसलो,
कुणाचं तरी दोन वर्षांचं कार्टं मांडीवर.
त्यानं माझ्या कोटाचं फूल खाल्लं.
आत माझी पोर अनंतकाळासाठी बांधली जात होती.
आर्विला बाहेर आली, डोळे सुजलेले,
बोलली नाही काही.
कोटाला देठ तेवढा उरला होता,
तो काढून तिनं मुठीत धरला.

आमचं लग्न खालच्या दगडी चर्चमध्ये लागलेलं.
शपथेत "मरेपर्यंत" असा शब्द होता.
मी सहज म्हणून गेलो.
तिचा आवाज नेमका तिथे बसला.
मला वाटलं, सर्दी.

गेल्या मार्चात तो शब्द संपला.

काल जेनील आली, जर्दाळूच्या बरण्या घेऊन.
सगळ्या फडताळात लावून झाल्यावर म्हणाली,
"बाबा, तुमच्यानंतर, वर्षभर थांबून,
तुमचं नाव आत नेऊ का?
एखादा मुलगा तुमच्या वतीनं पाण्यात बुडी घेईल.
मग तुम्हाला आईशी बांधता येईल."
माझा बाप्तिस्मा झालाय, मी म्हणालो.
"कपाळावर थेंब, बाबा."
थेंब पुरतो.
ती बरणीचं झाकण उगाच घट्ट करत राहिली.
"तिकडे तुम्हाला नाही म्हणता येतं.
आम्ही फक्त विचारतो.
जबरदस्ती कुणावरच नसते."

आता पाणी पोटरीपर्यंत आलंय.
तीन चाळीसला क्रिस्टेन्सनची पाळी,
पण त्याच्या खिडकीत दिवा नाही.
गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तो उठत नाही वेळेवर.
त्याचं दार मीच उघडतो,
पाणी त्याच्या रानाकडे वळवून देतो.
सकाळी तो विचारणार नाही, मी सांगणार नाही.

तिकडेही मी नाहीच म्हणेन. बहुतेक.
आमचे उपदेशक सांगत आलेत
की वर गेल्यावर नवरा-बायको असं काही उरत नाही,
आणि मी मान डोलावत आलोय.
पण समोर ती उभी असली,
मुठीत तो देठ अजून तसाच,
आणि नेमका तिथे माझा आवाज बसला
तर म्हणेन,
सर्दी आहे.
रात्रभर पाण्यात उभा होतो.